कबूल करून मोकळा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी सरकारी वकिलीचा पहिला धडा घेतला. सर म्हणायचे, सरकारी वकिलाने भाषण करण्याआधी कबुली द्यावी. म्हणून आज सुरुवात कबुलीनेच करतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात शिकणारा आफ्रिकेतला एक मुलगा कोर्टात उभा होता. स्कूटरने एका सायकलस्वाराला धडक दिली होती, कोपर खरचटण्यापुरती जखम. कलम 279, 337. दंड भरून दहा मिनिटांत निपटणारं प्रकरण. त्याच्याजवळ वकील नव्हता. बोर्डावर त्या दिवशी शंभरावर प्रकरणं होती. मी त्याला आपल्याकडे सगळेच म्हणतात ते वाक्य म्हटलं, ‘कबूल कर आणि मोकळा हो.’ हे वाक्य त्याला हिंदीतून सांगितलं, मग इंग्रजीतून. त्याने मान डोलावली, दंड भरला, पावती घडी घालून खिशात ठेवली.

काही महिन्यांनी तोच मुलगा कोर्टाच्या व्हरांड्यात मला शोधत आला. हातात एक छापील अर्ज होता. पुढच्या शिक्षणासाठी त्याला दुसऱ्या देशात जायचं होतं आणि अर्जात प्रश्न होता, कुठल्याही देशाच्या न्यायालयाने तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे काय? त्याने मला विचारलं, ‘सर, मी इथे काय लिहू?’ आपल्या स्वतःच्या व्हिसाच्या अर्जातही हा प्रश्न असतो, त्यामुळे त्या देशाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी त्याला खरं तेच लिही म्हणालो. दुसरं काय सांगणार? पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. पण ‘मोकळा’ हा शब्द मी त्यानंतर कोर्टात जपून वापरू लागलो.

सरकारी वकिलाने आरोपीला सल्ला देणं हीच मुळात चूक. ते त्याचं काम नाही. ती चूक बाजूला ठेवली तरी दुसरी उरते. माझ्या मागणीतून निघणाऱ्या निकालाचं त्या माणसाच्या आयुष्यात पुढे काय होईल, हा प्रश्नच माझ्या मनात आला नव्हता. प्रोबेशनचा 1958 चा कायदा माझ्या टेबलावर होता. ताकीद देऊन सोडण्याची सोय त्यात आहे, आणि अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असं त्याचं कलम 12 सांगतं. परदेशातला अधिकारी ते मानेलच असं नाही. पण मी ‘हरकत नाही’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर निदान त्याच्या हातात दाखवायला काही असतं.

आजचा विषय एवढाच आहे. आरोपी जर भारताचा नागरिक नसेल, तर जिल्हा पातळीवरच्या सरकारी वकिलाने शिक्षेपलीकडचं काही बघावं की नाही?

आपल्याकडचा पेच आधी मांडतो, कारण तो अमेरिकेतल्या पेचाच्या उलटा आहे. तिथे दोषसिद्धी झाली की माणूस देशाबाहेर काढला जाऊ शकतो. आपल्याकडे खटला चालू आहे तोवर त्याला बाहेर जाता येत नाही. फौजदारी आरोपाला उत्तर देण्यासाठी हजर राहणं आवश्यक असेल तर देश सोडण्याची परवानगी नाकारावी, असं 1948 च्या फॉरेनर्स ऑर्डरमध्येच होतं. म्हणजे पासपोर्ट मुद्देमालात, माणूस तारखांवर, आणि व्हिसाची मुदत मात्र कॅलेंडरप्रमाणे संपते. ती संपली की तोच माणूस ‘अवैध वास्तव्य’ या दुसऱ्या गुन्ह्याचा आरोपी होऊ शकतो. पहिल्या खटल्यात निर्दोष सुटला तरी बाहेर पडण्यासाठी परवाना, परवान्यासाठी न्यायालयाचं ना-हरकत, तोवर हालचालींवर निर्बंध. आपल्या माणसाला तारीख म्हणजे कटकट. परक्याला तारीख हीच शिक्षा.

हे पुस्तकातलं सांगत नाही, या शहरातलं सांगतो. 2020 च्या मार्चमध्ये म्यानमारचे आठ नागरिक नागपुरात होते. पर्यटक व्हिसा होता, कागदपत्रं वैध होती, ते शहरात आल्याचं पोलिसांना ठाऊक होतं. टाळेबंदी लागली आणि ते मोमिनपुऱ्यातल्या मरकजमध्ये, म्हणजे धर्मकेंद्रात, अडकले. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासात विलगीकरणात ठेवलं. चाचण्या निगेटिव्ह आल्या. तरी गुन्हा दाखल झाला: भारतीय दंड संहितेची कलमं 188, 269, 270, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, आणि परदेशी नागरिक कायद्याचं कलम 14. पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रसार केला, हा आरोप. 21 सप्टेंबर 2020 ला न्यायमूर्ती व्ही. एम. देशपांडे आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा आणि दोषारोपपत्र रद्द केलं. या लोकांना इथली भाषाच येत नव्हती, ते आपल्या भाषेतला धर्मग्रंथ वाचत होते, प्रसार केल्याचा पुरावाच नाही, आणि खटला पुढे चालवणं म्हणजे न्यायालयीन प्रक्रियेचा दुरुपयोग ठरेल, हा त्या निकालाचा आशय.

त्याच्या बरोबर महिनाभर आधी, 21 ऑगस्टला, औरंगाबाद खंडपीठाने अशाच 29 परदेशी नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला होता. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं म्हटलं, न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी निकालाला सहमती दिली, सगळ्या विवेचनाला नाही. वर्तमानपत्रांत त्या निकालाचा गाजावाजा झाला. आपल्या नागपूरचा निकाल तुलनेने शांतपणे आला आणि गेला. मला मात्र वकील म्हणून तोच जास्त शिकवतो, कारण त्यात राग नाही, नुसती पुराव्याची तपासणी आहे.

आता त्या तपासणीत असं काय होतं, जे सरकारी वकिलाला आधी दिसलं नसतं? कलम 188 साठी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागायची, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 195 मध्ये लिहिलेलं होतं. ते एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही येतं. 269 आणि 270 साठी रोग पसरण्याची शक्यता लागायची. इथे चाचणी निगेटिव्ह. प्रसारासाठी श्रोता लागतो. इथे भाषाच नाही. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी एखाद्याने ते नीट चाळलं असतं, तर एप्रिल ते सप्टेंबर हा काळ त्या आठ जणांच्या आयुष्यातून गेला नसता. मी कुणा एकाकडे बोट दाखवत नाही. त्या दिवसांत आपण सगळेच घाबरलेले होतो, भाजीची पिशवीसुद्धा धुवून घेत होतो.

दिल्लीत काय झालं ते याच्या शेजारी ठेवून पाहा. तिथल्या निजामुद्दीनच्या मरकजमध्ये जमलेल्यांच्या प्रकरणात नऊशेहून अधिक परदेशी नागरिकांवर दोषारोपपत्रं दाखल झाली. जुलै 2020 मध्ये त्यांतल्या बहुतेकांनी ‘प्ली बार्गेनिंग’ केलं, म्हणजे सौदा करून गुन्हा कबूल केला. पाच-दहा हजारांचा दंड भरला आणि विमान मिळेल तसे घरी गेले. 44 जण मात्र अडून बसले, आम्ही खटला लढू म्हणाले. ऑगस्टमध्ये त्यांतल्या आठ जणांना न्यायालयाने आरोपमुक्त केलं आणि 15 डिसेंबरला उरलेले 36 निर्दोष सुटले.

गुन्हा तोच, कायदा तोच, आरोप जवळपास तेच. जे थांबले ते निर्दोष, जे घरी गेले ते दोषी. घरी जाणाऱ्यांनी काय चूक केली? घरी म्हातारी आई असेल, दुकान बंद पडलं असेल. ‘कबूल करून मोकळा हो’ हे त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल. पण गृह मंत्रालयाने 2 एप्रिललाच 960 जणांना काळ्या यादीत टाकल्याचं जाहीर केलं होतं. दंडाच्या पावतीने ती यादी पुसली जात नाही. उलट त्या यादीला आव्हान द्यायचं तर ‘मी काही केलं नव्हतं’ हे म्हणण्याची सोयही कबुलीने काढून घेतली. सौदा म्हणायचा तर दोन्ही बाजूंना मालाचा भाव ठाऊक हवा. इथे एका बाजूला अर्धाच भाव ठाऊक होता.

2005 च्या दुरुस्तीने हा सौद्याचा प्रकार आपल्या कायद्यात आला. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे. त्यात न्यायाधीशाने आरोपीला एकांतात विचारायचं असतं, की तू हे स्वखुशीने करतोस ना. माझं म्हणणं, आरोपी परदेशी असेल तर त्या प्रश्नाला शेपूट जोडा: या कबुलीने तुझ्या व्हिसावर, पुन्हा येण्यावर, नागरिकत्वाच्या अर्जावर परिणाम होऊ शकतो, हे तुला माहीत आहे ना? सरकारी वकिलाने न्यायाधीशाला तशी विनंती करावी. कायदा बदलावा लागत नाही.

अमेरिकेत हेच शेपूट सर्वोच्च न्यायालयाने 31 मार्च 2010 ला जोडलं. होजे पॅडिला नावाचा होंडुरासचा माणूस चाळीस वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिला होता, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढला होता. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस, कबूल कर. कबूल केलं आणि हद्दपारीचा रस्ता उघडला. न्यायालयाने ठरवलं की हद्दपारीचा धोका सांगणं हे बचावाच्या वकिलाचं घटनात्मक कर्तव्यच आहे. मग तिथल्या काही सरकारी वकिलांनीही स्वतःकडे बघितलं. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीने 2017 मध्ये आपल्या कार्यालयात इमिग्रेशन कायद्याचे दोन वकील नेमले, किरकोळ गुन्ह्यात आरोप ठरवण्याआधी त्यांचा सल्ला घ्यावा म्हणून. कॅलिफोर्नियात तर सौद्याच्या वाटाघाटीत सरकारी वकिलाने या परिणामांचा विचार करावा असा कायदाच झाला. तिथे किरकोळ गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षावरून 364 दिवसांवर आणली. एकच दिवस कमी! संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्यात ‘एक वर्ष’ या आकड्याला दाराच्या कडीसारखं महत्त्व आहे म्हणून.

या सभागृहात असे बरेच आईवडील आहेत, ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटकसुद्धा व्हिसा रद्द व्हायला पुरते. दुकानातून वस्तू उचलण्याला तिथला कायदा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यांत मोजतो. 2025 मध्ये अमेरिकी दूतावासाने चोरी आणि मारहाणीबद्दल भारतीयांना जाहीर इशाराच दिला. आपल्या मुलावर अशी वेळ आली तर तिथल्या सरकारी वकिलाने त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करावा, अशी आपली अपेक्षा असणारच. मग आपल्या शहरातल्या परक्या मुलासाठी तीच अपेक्षा आपल्याकडून कुणी ठेवली तर?

तिकडचं सगळं जसंच्या तसं आणावं असं मी म्हणत नाही. तिथला अ‍ॅटर्नी निवडून येतो, आरोप काय लावायचे ते तोच ठरवतो. आपला एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, दोषारोपपत्र आयतं घेतो. त्याच्या हातात फारसं काही नाही, असं आपण एकमेकांना सांगत असतो. ते पूर्ण खरं नाही. खटला मागे घेण्याचा अधिकार, पूर्वीचं कलम 321 आणि आताचं 360, सरकारी वकिलाच्याच नावाने आहे. सरकारच्या सांगण्यावर त्याने नुसता अंगठा उठवायचा नाही. जामीन अर्जावर ‘से’, म्हणजे सरकार पक्षाचं म्हणणं, तोच लिहितो. तारीख मागतो तोच. पासपोर्ट परत देण्याला विरोध करतो तोच.

‘से’बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो आमचा रोजचा धंदा. आरोपी परदेशी असला की आमचा ‘से’ ठरलेला: आरोपी परदेशी नागरिक आहे, पळून जाईल, जामिनास तीव्र विरोध. मीही असे कित्येक लिहिले. गाडी थांबली की रिक्षावाला जसा ‘कुठे जायचंय’ विचारतो, तसं ते हातातून निघतं. सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 ला फ्रँक व्हिटस प्रकरणात नायजेरियाच्या एका आरोपीवर घातलेल्या दोन अटी रद्द केल्या. एक, मोबाइलवर गूगल मॅपची खूण सतत दाखवत राहा. दुसरी, तू देश सोडणार नाहीस असं प्रमाणपत्र तुझ्या दूतावासाकडून आण. दूतावास ते देईल की नाही हे आरोपीच्या हातात नाही, मग जामीन त्यावर कसा टांगायचा? पुढे 6 जानेवारी 2025 च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की परदेशी आरोपीला जामीन दिला की परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याचे निर्देश द्यावेत. म्हणजे ‘पळून जाईल’ या भीतीवर उत्तर कायद्यात आहे. तो अधिकारी आपल्याच पोलीस आयुक्तालयात बसतो, फर्लांगभर अंतरावर.

दुसरा एक कागद, जो मी निवृत्तीनंतर पुन्हा वाचला आणि लाजलो. 1 मे 2012 चं केंद्रीय गृह मंत्रालयाचं मार्गदर्शक पत्र. मानवी तस्करीतून आलेली परदेशी स्त्री कागदपत्रांशिवाय सापडली आणि चौकशीत दिसलं की ती स्वखुशीने आलेली नाही, तर तिच्यावर दोषारोपपत्र दाखल करू नये. दाखल झालं असेल तर खटला मागे घेण्यासाठी पावलं उचलावीत. अनैतिक व्यापार रोखणाऱ्या ‘पीटा’ कायद्याच्या छाप्यांत, गंगाजमुनासारख्या वेश्यावस्त्यांत, अशा मुली सापडतात हे नागपूरकरांना सांगायला नको. तिला आरोपी केलं की ती साक्षीदार राहत नाही. तिला घाईने सीमेपलीकडे पाठवलं की दलालावरचा खटलाही तिच्यासोबत जातो. इथे माणुसकी आणि दोषसिद्धी एकाच बाजूला आहेत.

आता मागच्या रांगेतून येणारा प्रश्न. 2021 च्या जूनमध्ये नागपूर पोलिसांनी एका अफगाण नागरिकाला परत पाठवलं. तो 2010 पासून इथे होता, व्हिसा कधीच संपला होता. ऑगस्टमध्ये तालिबानसोबत बंदूक घेतलेला त्याचा फोटो वर्तमानपत्रांनी छापला. साहेब, अशांसाठी तुमचं हे व्याख्यान आहे का?

नाही. त्याच्यासाठीही कायदा आहे आणि तो वापरला गेला. देशात कोणाला राहू द्यायचं हा सरकारचा अधिकार 1955 च्या हान्स म्युलर प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये ‘नागरिक’ आहे, 14 आणि 21 मध्ये ‘व्यक्ती’ आहे. परक्याला इथे राहण्याचा हक्क नाही, पण इथे आहे तोवर न्यायाने वागवलं जाण्याचा आहे. बनावट कागदांवर राहणाऱ्याला कडक शिक्षा मागा, जरूर मागा. 12 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या एकाचा जामीन नाकारताना सांगितलं, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. हा आदेश कोणाचा? न्यायमूर्ती अमित बोरकर यांचा, म्हणजे म्यानमारच्या आठ जणांना सोडणाऱ्या खंडपीठातले तेच. एका प्रकरणात पुरावा नव्हता, दुसऱ्यात तपास व्हायचा होता. नरमपणा की कडकपणा हा प्रश्नच चुकीचा आहे.

उलट बाजूचीही काळजी वाटते. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं आणि मग ते भारतीयच आहेत म्हणून परत आणावं लागलं. त्यांच्याबाबत कोर्टात उभं राहण्याची वेळच कोणावर आली नाही. नागरिक असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या माणसावर टाकलेली आहे, 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यातही होती, 2025 च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणून तर कोर्ट वगळलं जाणं जास्त धोक्याचं.

नागपूरचं म्हणाल, तर परदेशी नागरिक म्हणजे विमानतळावरून आलेला गोरा नव्हे. तो जरीपटक्यात किराण्याचं दुकान चालवतो. पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं वर्षानुवर्षं दीर्घकालीन व्हिसावर इथे राहतात. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर मोजदाद झाली तेव्हा राज्यातल्या पाच हजारांवर पाकिस्तानी नागरिकांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या नागपुरात निघाले. नागरिकत्व द्यायचे अधिकार 2016 मध्ये मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यात नागपूर होतं. आणि नागरिकत्वाच्या कायद्यात एक अट आहे, चारित्र्य चांगलं हवं. दुकानासमोरच्या पार्किंगवरून झालेल्या हाणामारीत भारतीय शेजारी दंड भरून संध्याकाळी दुकान उघडतो. दुसऱ्याची वीस वर्षांची फाईल त्या दंडापाशी अडते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. तिथे जन्मलेले पुष्कळ जण आजही नोंदणीचं पुस्तक नूतनीकरणाला घेऊन पोलिसांकडे जातात. त्यांच्याही बाबतीत हेच.

1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा आला. वैध कागदांशिवाय प्रवेश केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, बनावट कागदपत्रांना किमान दोन वर्षं, मुदतीपलीकडे राहिलं तर तीन वर्षांपर्यंत. दंडाचे आकडे लाखांत गेले. कायदा कडक झाला की तो लावणाऱ्याने जास्त नीट बघायचं असतं.

आणि एक गोष्ट नागपूरकर म्हणून. अटक झालेल्या परदेशी माणसाला ‘तुझ्या दूतावासाला कळवू का’ हे विचारणं व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद 36 नुसार बंधनकारक आहे. पाकिस्तानने पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत याच अनुच्छेदावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतांनी जिंकला. बाजू मांडली हरीश साळवे यांनी, एक रुपया फीवर. नागपूरच्या बारमधल्या नामवंत फौजदारी वकिलाचा हा नातू. त्या दिवशी आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण आपल्या ठाण्यांतल्या अटक पंचनाम्यात दूतावासाचा उल्लेख शोधा, मग पेढ्यांबद्दल बोलू. पाकिस्तानला जे वाचून दाखवलं ते आपल्यालाही लागू आहे.

अभियोग संचालनालयाकडे माझी मागणी एका पानाच्या परिपत्रकाची आहे. आरोपी, पीडित किंवा साक्षीदार परदेशी असेल तर फाईलवर वेगळी खूण करावी. किरकोळ गुन्ह्यात कबुली घेण्याआधी परिणाम समजावून सांगण्याची विनंती सरकारी वकिलाने न्यायालयाला करावी, आणि आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळाला का ते बघावं. पासपोर्ट मुद्देमालात असताना व्हिसा संपला, तर त्या ‘अवैध वास्तव्या’बद्दल वेगळा गुन्हा लावू नये. खटला आधी चालवावा. पीडित परदेशी असेल तर साक्ष होईपर्यंत तिला देशाबाहेर पाठवू नये.

परिपत्रक येईल तेव्हा येईल. सोमवारी बोर्डावर उभे राहणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनी तोवर थांबू नये. परदेशी आरोपीच्या जामीन अर्जावर ‘से’ लिहाल तेव्हा तीन ओळी जास्त लिहा: पासपोर्ट कुठे आहे, व्हिसाची मुदत कधी संपते, दूतावासाला कळवलं की नाही. त्याखाली विरोध करायचा तर खुशाल करा.